हाव आणि हावू

शमीम आपांचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. उदगीरच्या शमीम आपा, करीमभाई टेलर यांच्या घरवाली. त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत बालवाडी चालायची. नाव शेवटाला ठेवलं तर मधेच हात भरून येतो, डोळे चुरचुरतात आणि लिहायचं राहूनच जातं, अशी मला धास्ती. धास्ती मला कशाचीही वाटते, ते एक असो. आपांच्या खाली दुसरं नाव महादेवीचं, म्हणजे बालवाडीतल्या गिरिजाच्या आईचं. ती माझ्यावर जेवढी ओरडली तेवढं जन्मात कुणी ओरडलं नाही. तरी तिचं नाव आभारातच येतं. का, ते पुढं कळेल.

मी कंधारची. एस.टी. स्टँडजवळ माझ्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, पंक्चर काढायचं दुकान होतं. सातवीपर्यंत शिकले. लोक म्हणतात शाळा सोडली, पण मी काही सोडली नाही, तिनंच मला सोडलं म्हणा. आई आजारी पडली, भाकरी कुणी टाकायच्या म्हणून काही दिवस गेले नाही. आई गेली, धाकट्याला कुणी सांभाळायचं म्हणून आणखी काही दिवस गेले नाही. मग गुरुजींनी विचारणं बंद केलं. पुढं काही वर्षांनी दादांनी दुसरी केली. ती वाईट नव्हती बिचारी. पण तिचा एक चुलतभाऊ होता, बायको वारलेला, दोन लेकरांचा बाप. घरात कुणी काही बोलत नव्हतं, पण तो आला की चहाचा कप माझ्याच हातात देऊन मला पुढं पाठवायचे. त्या कपात चमचा वाजायचा, इतका माझा हात थरथरायचा. दादांनी ते पाहिलं असणार. कारण उरसात त्यांच्या दुकानाशेजारी दरसाल लहान मुलांच्या कपड्यांची पथारी लावणाऱ्या करीमभाईंना ते एक दिवस म्हणाले, "हिला कुठं तरी कामाला लावता का? लेकरं लई चांगली सांभाळती."

करीमभाई म्हणाले, "भेज दो. घर में लेकरंच लेकरं हायेत."

उदगीरला पोचलो तेव्हा दादा दारातूनच परत निघाले, दुपारची गाडी धरायची म्हणून. मी त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरलेली होती, माझं मलाच कळलं नव्हतं. एवढी घोडी झालेली पोरगी मी! दादा ओशाळून माझी बोटं सोडवायला लागले, तर आपा म्हणाल्या, "रहने दो भाईसाब. तिची तिला सोडू द्या. अगली गाडी से जाना." मग दादांनी चहावर चहा घेतला, करीमभाईंशी उरसातल्या पाळण्यांच्या गोष्टी केल्या, आणि कधी तरी भूक लागली तशी मी बाही सोडून आत जेवायला गेले. तेव्हा ते गेले. बालवाडीत लेकरू कसं घ्यायचं याचा पहिला धडा मला माझ्याच अंगावर मिळाला, पण तो धडा आहे हे कळायला वेळ लागला.

त्या घराचा आवाज अजून माझ्या कानात आहे. करीमभाईंना मी मामू म्हणायला लागले होते, त्यांच्या मशीनची खडखड सकाळी चहाबरोबर सुरू व्हायची आणि तिच्याखाली लेकरांचा गलका. मशीन थांबली की लेकरं पण गप्प व्हायची आणि वर बघायची, काय झालं म्हणून. लांब स्टेशनात गाडी शिट्टी द्यायची. मोंढ्याकडून, म्हणजे धान्यबाजाराकडून, वारा आला की दाळमिलचा पिवळट भुसा शहाबादी फरशीवर बसायचा आणि लेकरं त्यात बोटानं रेघा काढायची. खेळायला बाहुल्या होत्या त्या मामूंच्या चिंध्यांच्या, त्यामुळं गल्लीत कुणी नवा सदरा शिवला की दुसऱ्या दिवशी बाहुलीच्या अंगावर तेच कापड. जेवायला बहुतेक खिचडी आणि चिंचेचा खट्टा, कधी चुरमुऱ्यांचा सुशीला, कधी अंबाड्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी. नळावरच्या बाया मला विचारायच्या, "मुसलमानाच्या घरी जेवतीस का ग?" मी म्हणायची, "हाव. अन् मागून घेते."

माझ्या त्या "हाव"वर सगळे हसायचे. आमच्याकडं होय म्हणायचं तर हाव. आपांच्या दखनीत हौ. गल्लीतल्या बाया होय म्हणायच्या. बालवाडीत मराठी, दखनी, कानडी अशी सगळी भेळ होती. मामू मला हाक मारायचे तेच "ए हाव, कैंची दे" अशी. कैंची म्हणजे कात्री हे मी तिथं शिकले, पण कानडीतलं मात्र काही शिकले नव्हते. गरजच पडली नव्हती.

आपांची एक रीत होती. सकाळी लेकरू आईच्या पदराला लटकून यायचं. पदर लेकरानं सोडायचा, आईनं सोडवून घ्यायचा नाही आणि आम्ही तर हात लावायचाच नाही. आई उंबऱ्यावर बसायची, घाई असली तरी बसायची. आपा लेकराकडं बघायच्यासुद्धा नाहीत. तांदूळ निवडायच्या, दुसऱ्या कुणाचं नाक पुसायच्या. लेकरू हळूच बघायचं, चिंधीची बाहुली दिसायची, मूठ सैल व्हायची. मी आज जिथं काम करते, पुण्याच्या कडेला, एका उंच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात, तिथं उलटं आहे. लेकरू आत ओढायचं आणि काचेचं दार लावायचं. आईनं मागं बघायचं नाही, असं लिहिलेलं आहे दारावर. आई मग ऑफिसात बसून फोनवर लेकराला बघते, भिंतीवर कॅमेरा आहे. मी म्हणत नाही ते वाईट आहे. त्या आयांना पण गाडी धरायची असते. पण काचेला आतून लागलेले लेकरांचे हात मी किती वर्षं बघते आहे, आणि संध्याकाळी घरी जाताना माझे खांदे उतरलेले असतात, ते उचलण्यानं नव्हे.

गिरिजा आली तेव्हा अडीच-तीन वर्षांची असेल. तिचा बाप शिवाप्पा मोंढ्यात मापाडी, धान्याचं माप करणारा. आई महादेवी बिदरकडची, दाळमिलमध्ये दाळ निवडायला जायची. घरात कानडी. गिरिजाच्या कपाळाला रोज भस्माची बोटं ओढलेली असायची. पोर मुकी म्हणावी इतकी गप्प. तिनं पदर सोडायला किती तरी दिवस घेतले आणि सोडला तो थेट माझ्याकडं यायला. का माझ्याकडं, देव जाणे. कदाचित मी पण बावरलेलीच होते म्हणून. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, आणि संध्याकाळी माझ्या चोळीवर खांद्याशी राखाडी डाग असायचा. आपा म्हणायच्या, "तेरे कंधे पर मुहर लगी रे." मला त्या डागाचा एवढा अभिमान की मी तो झटकत नसे.

त्या दिवशी दुपारी आपा मोंढ्यात तांदूळ आणायला गेल्या होत्या. मामू मशीनवर. लेकरं जेवून लवंडली होती. गिरिजा परसाच्या दारातून आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "हावू."

मला बरंच वाटलं. पोर बोलली! मी विचारलं, "शी लागली का?"

"हावू."

"चल मग."

परसात कोपऱ्यात संडास होतं, पत्र्याच्या दाराचं, आणि त्याला लागून सरपणाचा ढीग. मी तिचा हात धरून निघाले, तर ती मागं ओढायला लागली. "हावू! हावू!"

"हाव ग बाई, हाव! तिकडंच चाललो ना."

ती फरशीवर बसली. मी तिला उचललं. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला, माझ्या अंगावरच ओली झाली, आणि मी तरी म्हणतेच आहे, बघ, म्हणत होते ना लागली म्हणून. पत्र्याच्या दाराला हात लावला तसं सरपणातून ते सळसळत निघालं, लांबच लांब, आणि आमच्या पायांपासून हातभरावरून भिंतीकडं गेलं. मी ओरडले का नाही, आठवत नाही. मामू एका हातात कैंची आणि दुसऱ्या हातात मापाची लाकडी पट्टी घेऊन धावत आले, जसं काही सापाचं माप घ्यायचं होतं. धामण होती, म्हणाले नंतर, बिनविषारी. पण गिरिजाला कोण सांगणार बिनविषारी? ती रडत नव्हती. नुसती थंड पडली होती आणि माझ्याकडं बघत होती. त्या बघण्याचं मला अजून सांगता येत नाही.

महादेवी मिलमधून आली, केसांत दाळीचा भुसा. आपा तिच्या थोड्याच आधी परतल्या होत्या. पिशवी भिंतीला टेकवून नुसतं काय झालं एवढं विचारत होत्या.

मी महादेवीला म्हणाले, "साप निघाला अक्का. पण मी हिला विचारूनच नेलं. शी लागली का विचारलं, ही हाव म्हणाली."

"हाव म्हनली?" महादेवीनं पोरीला जवळ घेऊन कानडीत काही विचारलं. गिरिजा तिच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "हावू."

महादेवी माझ्याकडं वळली. "अगं ए कंधारवाली! हावू म्हंजे साप! आमच्या कानडीत साप! पोर साप-साप वरडून राहिली, अन् तू तिला धरून सापाकडं घेऊन जाऊन राहिलीस? कान हायेत का भोकं पाडलीत नुसती?" ती खूप बोलली, मराठीत बोलली, मराठी संपली तशी कानडीत बोलली. मला कानडी येत नव्हती, पण सगळं कळलं.

दिवेलागणीला शिवाप्पा आला, गल्लीतली दोघं-तिघं घेऊन. बसला नाही. "आपा, तुमच्याबद्दल काय न्हाई. पर ही पोरगी उद्या इथं दिसली तर माझी गिरिजा येनार न्हाई. अन् ह्यांची बी लेकरं येनार न्हाईत. हिला कंधारच्या गाडीत बसवा."

कंधारची गाडी म्हणजे माझ्यासाठी तो चहाचा कप. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि चमच्याचा आवाज मला तिथंच ऐकू यायला लागला होता.

आपा म्हणाल्या, "शिवाप्पा, मैं अंदर ही थी."

मी मान वर केली.

"पडद्याच्या मागं तांदूळ निवडत होते. मी पण ऐकलं. पोर हावू, हावू करत होती. मेरी पैदाइश उदगीर की, सारी उमर कानडी सुनते गई. तरी माझ्या कानाला हौ असंच वाटलं, आणि मी बसल्या जागी बसून राहिले. फिर इस कल की आई हुई पोरी को क्या बोलते तुम? काढायचं तर मला काढा. बोलो, बंद करू बालवाडी?"

मामू मशीनवर मान खाली घालून सुईत दोरा ओवत होते. ओवला, काढला, परत ओवला. भिंतीला मोंढ्यातून आणलेली तांदळाची पिशवी टेकलेली होती, तिचं तोंडसुद्धा अजून सोडलेलं नव्हतं. महादेवी दारात उभी होती. ती त्या पिशवीकडं बघत होती असं मला वाटलं. पण ती नवऱ्याला म्हणाली, "चला. पोरीला ताप हाय."

मी राहिले. पण फुकट नाही राहिले, त्याची किंमत आपांनी भरली. काही लेकरं यायची बंद झाली. आधी बाया म्हणायच्या, आपांचा कान लई तिखट, लेकरू कुशीवर वळलं तरी कळतं. आता नळावर म्हणायला लागल्या, "बहिऱ्या आपाकडं धाडतीस का लेकरू?" आपांच्या समोर म्हणायच्या, मोठ्यानं, वर हसायच्या. "अगं मोठ्यानं बोल, आपाला ऐकू येत न्हाई!" आपा घागर उचलायच्या आणि म्हणायच्या, "हौ, उमर हुई." मी मागं चालायची. एकदा म्हणाले, "आपा, मी सांगून टाकते सगळ्यांना, तुम्ही नव्हता म्हणून." त्या थांबल्या, घागर खाली ठेवली. "क्या मिलेगा? मेरी इज्जत वापस मिलेगी, और तू जाएगी. मला इज्जत गल्लीत परत कमवता येते. तू कंधारला जाऊन काय कमवशील?" आणि मग, "घागर उचल. कमर दुखती."

ताप उतरल्यावर गिरिजा परत यायला लागली, बापाची भाषा शेवटी आपांच्या नावापुढं चालली नाही. पण ती उंबऱ्याच्या आत येईना. मी दिसले की आईच्या निऱ्यांत शिरायची. महादेवीला मिलला उशीर व्हायचा, मुकादम बोलायचा, ती माझ्याकडं जळजळीत बघायची. मला वाटायचं, उचलून घ्यावं, छातीशी धरावं, रडू दे काय ते. आपांनी डोळ्यांनीच दटावलं. मला म्हणाल्या, "इसका पल्लू तेरी ज़ुबान में अटका है. जा, ज़ुबान सीख के आ."

म्हणून मी दुपारनंतर महादेवीच्या घरी जायला लागले. पहिल्या दिवशी तिनं दारातूनच विचारलं, "काय पायजे?" मी म्हणाले, "अक्का, मला तुमचे शब्द शिकवा. लेकराला लागतात तेवढे." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सरकून चुलीपाशी जागा दिली. ती भाकरी थापायची आणि थापेच्या तालावर शिकवायची. नीरू म्हणजे पाणी. ऊटा म्हणजे जेवण. बेडा म्हणजे नको. बेडा मला आधी वेडा ऐकू आलं होतं, कितीदा तरी पोर मला नको म्हणाली असेल आणि मला वाटलं असेल ही मला वेडी म्हणते. महादेवी हसून हसून भाकरी करपवायची. "आता सांग कंधारवाली, हावू म्हंजे?" "साप." "अन् हाव म्हंजे?" "होय." "मंग साप आला तर काय म्हनशील?" "हाव, हावू." ती कपाळावर पिठाचा हात मारायची. गिरिजा कणगीच्या मागून बघत असायची. मी तिच्याकडं बघायची नाही. शिकले होते.

एका संध्याकाळी भाकरी उलटताना महादेवी सहज म्हणाली, "आपा त्या येळंला मोंढ्यात होती. माझ्याच मिलसमोर तांदळाचा भाव करत हुती. मला दिसली न्हाई का?"

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला नाही?"

"काय बोलायचं?" ती चुलीत फुंकत म्हणाली. "मी घरी नसले न् माझ्या पोरीची चूक झाली, तर मी बी तेच म्हनले असते की. आपा तुला पोरगी म्हनली. मी मधे कशाला पडू?" आणि गरम भाकरी माझ्या हातावर टाकली.

त्यानंतर काही दिवसांनी असेल. सकाळी महादेवी उंबऱ्यावर बसली होती, मी फरशीवरचा भुसा झाडत होते. गिरिजा उठली. आईचा पदर तिच्या मुठीतून सुटला, तो तिनं सोडला, मी पाहिलं. ती माझ्यापाशी आली, माझा पदर धरला आणि परसाच्या दाराकडं बोट दाखवून विचारलं, "हावू?"

मी झाडू टाकला नाही. उलटा धरला. तिला दारातच उभं केलं, सरपणावर झाडू आपटला, पत्र्याचं दार वाजवलं, आत वाकून बघितलं, कोपरा न् कोपरा. मग परत येऊन तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, "हावू इल्ला." साप नाही.

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, शब्द बरोबर आहे का तपासावं तसं. मग हसली, आणि स्वतःच म्हणाली, "इल्ला."

पुढं ती रीतच झाली. कुणालाही परसात न्यायचं तर आधी झाडू आपटायचा, दार वाजवायचं, आणि सगळी लेकरं एका सुरात ओरडणार, हावू इल्लाऽऽ. मराठी, मुसलमान, सगळी. मामू मशीनवरून ओरडायचे, "हौ, इल्ला!" गिरिजा पहिल्यांदा इल्ला म्हणाली त्या दिवशी संध्याकाळी माझ्या चोळीवर खांद्याशी राखाडी डाग होता. आपांनी बघितला. नुसतं बोट लावलं.

त्याला किती वर्षं झाली. मी काही वर्षांनी लग्न करून तिथून निघाले, माझ्या मर्जीनं, आणि नवऱ्याच्या कामामागं फिरत इथं येऊन पडले. पाळणाघरात आता ओडिया लेकरू येतं, बंगाली येतं, तेलुगू येतं. नवं लेकरू आलं की मी काचेचं दार लावायच्या आधी आईला विचारते, ताई, तुमच्यात पाण्याला काय म्हणतात? नकोला काय म्हणतात? भीती वाटली तर हा काय ओरडतो? मॅडम मागून म्हणतात, "मावशी, दारात गर्दी करू नका." मी हाव म्हणते आणि तेवढं विचारूनच घेते. थकले आहे मी. गुडघे बोलतात, लेकरू उचललं की पाठ बोलते. पण तेवढं विचारल्याशिवाय माझ्या हातून कुणाला आत घेतलं जात नाही.

मामू गेले. आपा आहेत. गेल्या महिन्यात फोन केला तर सून म्हणाली, "अम्मी को अब बिल्कुल सुनाई नहीं देता." तरी तिनं फोन त्यांच्या कानाला लावला. मी ओरडून नाव सांगितलं, कंधारची, हाववाली. पलीकडून नुसतं येत राहिलं, "हौ... हौ... हौ..." त्यांना खरंच काही ऐकू येत होतं की मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होत्या, कळलं नाही. सून म्हणाली, कुणी काही बोललं की त्या हौच म्हणतात, औषध हवं का विचारलं तरी हौ, दुखतंय का विचारलं तरी हौ. मग कुणी पुढं विचारत नाही.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसले. आपा, तुम्ही माझ्यासाठी न ऐकलेलं ऐकलं म्हणालात, आणि गल्लीनं तुम्हाला बहिरी म्हटलं ते सोसलंत. आता खरंच ऐकू येत नाही, तर तुमच्या हौमध्ये काय आहे ते कुणी तरी बसून ओळखायला पाहिजे. एवढी यंदाची लेकरं शाळेत गेली की मी येते. उंबऱ्यावर बसेन, तांदूळ निवडेन, तुमच्याकडं बघणारसुद्धा नाही. तुम्ही माझा पदर धराल तेव्हा धराल. आणि धरला की, आपा, तुम्ही सोडेपर्यंत मी तो सोडवून घेणार नाही.